पोटातला साबण

लग्नघरची पंगत उठलेली असते. श्रीखंड-पुरी, बटाटेवडे, वर तुपाची धार धरलेला मसालेभात, सगळे रीतसर पार पडलेले असते. रात्री दीड-दोनच्या सुमारास घरातल्या कर्त्या बाईच्या पोटात, उजव्या बरगडीखाली, कळ येते. ती पाठीकडे आणि उजव्या खांद्याकडे सरकत जाते. "पित्त झालं असेल," असे म्हणत कुणी ओवा देते, कुणी थंड दूध. दोन-तीन तासांनी कळ आपोआप थांबते आणि सगळे विसरतात. महिन्याभराने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी डॉक्टर सोनोग्राफी करायला लावतात आणि अहवालात शब्द येतात, 'पित्ताशयात खडे'. त्यावर बाईंचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, "डॉक्टर, तांदूळ तर मी दोनदा निवडून घेते. पोटात खडे आले कुठून?"

असा प्रसंग आपल्याकडे अनेक घरांत घडतो आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. हे खडे तांदळातले नसतात, मातीचेही नसतात. ते शरीरातच, थेंबाथेंबाने घडतात. ते का घडतात हे समजायला आधी न्हाणीघरातल्या साबणाकडे वळावे लागते, कारण आपल्या यकृतातही एक साबण रोज तयार होत असतो.

इथे एक घोळ दूर करायला हवा. मराठी घरात 'पित्त झालं' म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा जठरातले आम्ल असते. छातीत जळजळ, आंबट ढेकर, हे त्याचे काम. पित्तरस हा वेगळा पदार्थ. तो यकृतात तयार होतो, हिरवट-पिवळा आणि कडू असतो, आणि त्याचे मुख्य काम तेल-तूप पचवायला मदत करणे हे आहे.

एक डोके, एक शेपूट

तुपाने माखलेले ताट नुसत्या पाण्याने निघत नाही. साबण लावला की निघते. साबणाच्या रेणूला दोन टोके असतात. एक टोक म्हणजे डोके. त्याला पाणी प्रिय असते. दुसरे टोक म्हणजे लांब शेपूट. तिला पाणी नकोसे, तेल-तूप हवेसे. अशा दुहेरी स्वभावाच्या पदार्थांना विज्ञानात सर्फॅक्टंट म्हणतात. आपल्या आज्या-पणज्या केस धुवायला वापरत त्या रिठ्यात आणि शिकेकाईत हेच गुण असलेली द्रव्ये असतात, म्हणून तर रिठ्याला फेस येतो.

या अभ्यासाचा एक पाया चक्क एका स्वयंपाकघरात घातला गेला. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी ॲग्नेस पॉकेल्स नावाची तरुणी आई-वडिलांची सेवा आणि घरकाम करत होती. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. भांडी घासताना तेलकट आणि साबणमिश्रित पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो हे तिने न्याहाळले, एका साध्या पत्र्याच्या पन्हळीत मोजमापे घेतली आणि १८९१ साली इंग्लंडमधले नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली. रॅले यांनी ते पत्र त्याच वर्षी 'नेचर' या नियतकालिकात छापून आणले. पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म थरांचा अभ्यास पुढे ज्या पद्धतीने झाला, तिचे मूळ त्या पन्हळीत आहे.

पाण्यात थोडासाच साबण असेल तर त्याचे रेणू पृष्ठभागावर गोळा होतात, डोके पाण्यात आणि शेपूट हवेत. प्रमाण वाढले आणि पृष्ठभागावर जागा उरली नाही की पाण्याच्या पोटात वेगळेच काही घडते. अनेक शेपट्या पाण्यापासून तोंड लपवण्यासाठी एकमेकींना चिकटतात, डोकी बाहेरच्या बाजूला राहतात आणि एक सूक्ष्म गोळी बनते. तिला मिसेल म्हणतात. साबणाचे रेणू असे पुंजके करून राहतात ही कल्पना जे. डब्ल्यू. मॅकबेन या रसायनशास्त्रज्ञाने १९१३ साली मांडली. गोळीच्या पोटात तुपाचा कण शिरतो, बाहेरची डोकी त्याला पाण्यात तरंगत ठेवतात आणि ताट स्वच्छ होते. ही रचना कुणी करवून घेत नाही. रेणू आपले आपण लावले जातात.

अंड्याच्या बलकातला भाऊबंद

साबणाचा एक भाऊबंद अंड्याच्या पिवळ्या बलकात असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर थिओडोर गोब्ले या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने तो बलकातून वेगळा काढला. बलकाच्या ग्रीक नावावरून त्याला लेसिथिन म्हणतात. चॉकलेटच्या आणि बिस्किटांच्या वेष्टनावर 'सोया लेसिथिन' असे छापलेले दिसते, ते सोयाबीनमधून काढलेले. लेसिथिन ज्या कुळातले, त्या कुळाचे नाव फॉस्फोलिपिड.

त्यालाही पाणी आवडणारे डोके आहे, पण शेपट्या दोन आहेत. फरक एवढाच, तरी परिणाम फार मोठा. साबणाचा रेणू गाजरासारखा समजावा, डोक्याकडे रुंद, शेपटीकडे निमुळता. गाजरांची टोके आत करून रचली तर गोळाच होणार. लेसिथिनचा रेणू मात्र उसाच्या कांड्यासारखा, दोन्हीकडे सारखाच जाड. कांडी शेजारी-शेजारी उभी केली की गोळा होत नाही, सपाट थर होतो. शेपट्यांना पाणी लागू नये म्हणून एका थराच्या शेपट्यांना दुसऱ्या थराच्या शेपट्या भिडतात. दुपदरी पोळीच जणू, वर डोकी, खाली डोकी, मध्ये शेपट्या.

या पोळीच्या कडेला मात्र शेपट्या उघड्या पडतात. त्यावर उपाय म्हणजे करंजीची कड मिटावी तशी पोळी स्वतःवरच वळून बंद होते आणि आत थोडे पाणी कोंडलेली पोकळ पिशवी तयार होते. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रॅम येथे ॲलेक बँगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात अशा पिशव्या पाहिल्या आणि त्यांचे गुणधर्म दाखवून दिले. लायपोसोम ते याच. आज काही औषधे अशा पिशव्यांत भरून दिली जातात.

आणि आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी याच दुपदरी पोळीत गुंडाळलेली आहे. हॉलंडमधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली तांबड्या रक्तपेशींतला स्निग्ध अंश काढून पाण्यावर पसरवला आणि तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतो असा निष्कर्ष काढला. म्हणजे आवरण दुपदरी असले पाहिजे.

दोघे भेटले की

एक गोळी बनवणारा, दुसरा पोळी बनवणारा. दोघांना एकाच पाण्यात सोडले तर काय होईल? हे तीन टप्प्यांत घडते. साबण थोडा असेल तेव्हा तो लेसिथिनच्या पोळीत गुपचूप शिरतो. पोळी टिकून राहते, फक्त मऊ आणि गळकी होते. साबण आणखी वाढला की पोळीत मावेनासा होतो आणि तिचे तुकडे पडू लागतात. काही भाग पोळीचा, काही गोळ्यांचा, असा संमिश्र कारभार चालतो. त्याहून साबण वाढला की पोळी पूर्ण विरघळते. उरतात त्या दोघांच्या मिळून झालेल्या संमिश्र गोळ्या.

हात साबणाने धुवायला सांगतात ते एवढ्यासाठीच. २०२० साली करोनाच्या साथीत देशभर हात धुण्याचा धडा गिरवला गेला. त्या विषाणूचे आवरणही फॉस्फोलिपिडच्या दुपदरी थराचेच. साबण त्यात शिरतो, आवरण फाटते आणि विषाणू निकामी होतो. वीस सेकंद चोळायचे ते या टप्प्यांना पुरेसा वेळ मिळावा आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत साबण पोचावा म्हणून.

पण साबण जर पेशीचे आवरण विरघळवू शकतो, तर यकृतात रोज तयार होणारा साबण आपल्याच पेशी का विरघळवत नाही? खड्याची गोष्ट इथूनच पुढे सुरू होते.

यकृताचा कारखाना

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. त्यातला मुख्य माल म्हणजे पित्तक्षार. यकृत ते कोलेस्टेरॉलपासून घडवते. त्यांचा रेणू साबणासारखा शेपटीचा नसून जेवायला बसायच्या पाटासारखा पसरट असतो, एक बाजू पाण्याची मैत्रीण, दुसरी तुपाची. काम मात्र साबणाचेच. शरीरात पित्तक्षारांचा एकूण साठा दोन-चार ग्रॅमच असतो, पण ते आतड्यात उतरतात, काम करतात, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषले जाऊन यकृतात परततात आणि पुन्हा कामाला लागतात. दिवसातून सहा ते दहा फेऱ्या होतात. दर फेरीत जवळजवळ ९५ टक्के माल परत येतो.

जेवणाच्या मधल्या वेळात हा रस पित्ताशयात साठतो. यकृताखालची ही लहानशी पिशवी, तिच्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावते. तिथे पाणी शोषले जाऊन रस कित्येक पटींनी दाट होतो. जेवणातले तूप आतड्यात पोचले की तिथून एक संप्रेरक सुटते, पित्ताशय आकुंचन पावते आणि रस आतड्यात उतरतो. तो तुपाचे बारीक थेंब करतो. त्या थेंबांवर स्वादुपिंडाचा पाचकरस काम करतो आणि सुटे झालेले स्निग्ध अंश संमिश्र गोळ्यांत बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही याच गाडीने जातात.

सोबतीला पहारेकरी

आता त्या प्रश्नाकडे वळू. यकृत पित्तक्षार एकटे सोडत नाही. त्यांच्याबरोबर लेसिथिनही सोडते. रसात दोघे भेटले की संमिश्र गोळ्या बनतात. पित्तक्षार लेसिथिनमध्ये गुंतून पडतात. मोकळे फिरणारे कमी उरतात आणि पित्तनलिकांच्या पेशी त्यांच्या तडाख्यातून वाचतात. लेसिथिन हा या साबणाचा पहारेकरी आहे.

हे १९९३ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये ठळकपणे दिसले. यकृताच्या पेशींतून पित्तरसात लेसिथिन पोचवण्याचे काम करणारे एक जनुक संशोधकांनी उंदरांमध्ये निकामी केले. उंदरांच्या पित्तरसात पित्तक्षार होते, लेसिथिन जवळजवळ नव्हते. त्यांच्या पित्तनलिकांना आणि यकृताला इजा होत गेली. पहारेकरी नसलेला साबण घरच्यांवरच उलटला होता.

माणसांतही हेच जनुक असते, एबीसीबी-४ नावाचे. आई आणि वडील दोघांकडूनही ते सदोष मिळालेल्या काही मुलांना लहानपणीच कावीळ, असह्य खाज आणि यकृताचा विकार होतो. काहींना गोळ्यांनी आराम पडतो, काहींना यकृत बदलावे लागते. एकाच बाजूने दोष आलेल्या काही स्त्रियांना एरवी काही जाणवत नाही, पण गरोदरपणात त्रास उद्भवतो. म्हणून गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना खूप खाज येत असेल, तर "उष्णता वाढली" म्हणून ती अंगावर काढू नये. या विकाराची इतरही कारणे असतात, पण रक्तातल्या पित्ताम्लांची तपासणी करून तो ओळखता येतो. ते प्रमाण फार वाढले तर पोटातल्या बाळाला धोका असतो. डॉक्टरांना वेळेवर सांगणे हाच त्यावरचा पहिला इलाज.

तिघांचा संसार

पित्तरसात तिसराही एक घटक असतो, कोलेस्टेरॉल. शरीराला नको असलेले कोलेस्टेरॉल बाहेर टाकण्याचा हा मुख्य मार्ग. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. नुसते पित्तक्षारही त्याला फारसे सामावून घेत नाहीत. पित्तक्षार आणि लेसिथिन दोघे मिळून मात्र बरेच कोलेस्टेरॉल पोटात घेतात. याचा हिशेब अमेरिकेतल्या ॲडमिरंड आणि स्मॉल या दोन डॉक्टरांनी १९६८ साली एका त्रिकोणात मांडला. त्रिकोणाची तीन टोके म्हणजे पित्तक्षार, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल. त्याच्या एका कोपऱ्यातल्या लहानशा भागात तिघे सुखाने एकत्र विरघळलेले राहतात. प्रमाण त्या भागाबाहेर गेले की कोलेस्टेरॉल वेगळे पडू लागते.

नंतरच्या संशोधनाने यात आणखी बारकावा आणला. यकृतातून ताजा रस निघतो तेव्हा बरेचसे कोलेस्टेरॉल लेसिथिनच्या त्या पोकळ पिशव्यांत, करंजीतल्या सारणासारखे नव्हे तर तिच्या पारीतच मळलेले असते. पित्तक्षार या पिशव्यांचे संमिश्र गोळ्यांत रूपांतर करतात, पण करताना लेसिथिन जास्त उचलतात, कोलेस्टेरॉल कमी. मागे उरलेल्या पिशव्या कोलेस्टेरॉलने जड होतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांतून कोलेस्टेरॉलचे स्फटिक सुटतात. पित्ताशयाच्या बुळबुळीत स्रावात ते अडकतात, थरावर थर चढतो, आणि महिन्या-वर्षांनी खडा तयार होतो. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. (काही खडे पित्तातल्या रंगद्रव्याचे असतात. त्यांची कारणे वेगळी.)

स्त्रियांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा अधिक दिसतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकाने पित्तरसातले कोलेस्टेरॉल वाढते. गरोदरपणात पित्ताशयही आळसावते, रस साचून राहतो. स्थूलपणा, वाढते वय आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. आपल्या देशात दक्षिणेपेक्षा उत्तरेत या खड्यांचे प्रमाण कितीतरी जास्त आहे. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही हे दिसून आले होते.

आणखी एक कारण अनेकांना चकवते. झपाट्याने वजन उतरवण्यासाठी जेवण तोडणाऱ्यांनाही खडे होतात. अंगातली चरबी वेगाने वितळताना पित्तरसात कोलेस्टेरॉल जास्त येते, आणि जेवणात स्निग्ध अंशच नसल्यामुळे पित्ताशय रिकामे होत नाही. वजन कमी करायचेच असेल तर सावकाश करावे आणि जेवणातून तेल-तूप अजिबात हद्दपार करू नये.

इलाज आणि भूल

प्रमाण बिघडल्याने खडा झाला, तर प्रमाण सुधारून तो विरघळेल का? या विचारातून अमेरिकेत एक पित्ताम्ल गोळ्यांच्या रूपात देऊन पाहिले गेले आणि १९७२ साली काही रुग्णांचे खडे विरघळल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे त्याहून सौम्य अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल आले. ते आजही वापरतात. पण खडे कोलेस्टेरॉलचे, लहान, आणि पित्ताशय नीट काम करणारे असेल तरच त्याचा उपयोग. शिवाय ते कित्येक महिने घ्यावे लागते आणि थांबवल्यावर अनेकांना खडे पुन्हा होतात.

म्हणून त्रास देणाऱ्या खड्यांवर पित्ताशय काढून टाकणे हाच खात्रीचा उपाय मानला जातो. ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली केली. दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे ती करण्याची पद्धत १९८०च्या दशकात युरोपात सुरू झाली आणि १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ती भारतात आणली. पित्ताशय गेले तरी यकृताचा कारखाना चालूच राहतो. रस साठवला न जाता थेट आतड्यात झिरपतो, आणि बहुतेकांचे पचन नीट चालते. आणि हो, खडे असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. सोनोग्राफीत अचानक दिसलेल्या मुक्या खड्यांसाठी सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत.

आता भुलीविषयी. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस भरपूर प्यायला की सकाळी शौचावाटे हिरवे खडे पडतात, असा एक उपाय तोंडोतोंडी फिरत असतो. हिरवट गोळे खरोखरच पडतात, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी एका रुग्ण महिलेने आणलेले असे गोळे तपासले आणि २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापला. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हते, पित्ताचे रंगद्रव्यही नव्हते. मुख्यतः स्निग्धाम्ले होती आणि ४० अंश सेल्सियसला ते वितळत होते. प्यायलेल्या तेलाचाच आतड्यात साबण होऊन त्याचे गोळे वळले होते. खरे खडे पित्ताशयात जिथल्या तिथे होते. ते पुढे शस्त्रक्रियेने काढावे लागले.

अशा उपायांत वेळ घालवणे महागात पडू शकते. उजव्या बरगडीखालची कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, सोबत थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर खडा नलिकेत अडकलेला असू शकतो. अशा वेळी ओवा-सोडा बाजूला ठेवून त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

आणि पंगतीनंतर महिन्या-दोन महिन्यांनी तीच कळ पुन्हा येत असेल, तर घरच्यांनी "पित्त झालं असेल" म्हणून विषय संपवू नये. एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. तांदूळ निवडायला घरात चार हात असतात. हे खडे मात्र त्या तपासणीशिवाय दिसत नाहीत.